अक्षराचा कोपरा

सोलापुरात रेल्वे लाईन्सकडच्या गल्लीत पेझारकर बाई म्हटलं की पन्नाशीची माणसंसुद्धा अजून ताठ बसतात. मिल्काबाई पेझारकर! शाळेत मराठी शिकवायच्या. कुणाचा काना वाकडा दिसला की पान पुन्हा लिहायला लावायच्या. तोंडी परीक्षेत अडलेल्या पोरानं कितीही केविलवाणं बघितलं तरी ओठ हलवायच्या नाहीत. "तुला येतं ते सांग," एवढंच. मागून उत्तर पुरवणाऱ्याची तर धडगतच नसायची.

बाई बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला बोटभर पितळी नळी होती. तिला मझुझा म्हणतात. आत बकऱ्याच्या कातड्यावर काळ्या शाईनं हिब्रूत लिहिलेला देवाचा शब्द. बाईंचे मालक शालोम रेल्वेत गार्ड होते. लग्नाच्या वर्षी त्यांनी ती मुंबईहून आणली आणि स्वतःच ठोकली, जरा तिरकीच. पुढं शालोम गेले, मुलगा रूबेन इस्राएलला राहायला गेला. बाई मात्र येता-जाता नळीला बोटं लावून ओठांना टेकवायच्या. तेवढीच शालोमशी भेट.

यंदा दार रंगवायला धोंडप्पा आला. शेजारचाच, बोर्ड रंगवणारा, बाईंचा जुना विद्यार्थी. त्यानं नळी उतरवली. बाईंनी कित्येक वर्षांनी आतलं कातडं उलगडलं आणि पहिल्याच ओळीत त्यांची नजर अडकली.

'देव एक आहे' यातल्या 'एक' शब्दाचं शेवटचं अक्षर दालेत. त्याला मागं बारीकसा कोपरा असतो. तो कोपरा गेला की दालेतचं रेश हे दुसरंच अक्षर होतं आणि 'एक'चा होतो 'दुसरा'. ध चा मा म्हणतात तो असा! सोलापूरच्या उन्हानं शाई तडकून नेमका तो कोपरा झडल्यासारखा दिसत होता.

"एवढंच की बाई!" धोंडप्पा वाकून म्हणाला. "बारीक ब्रशनं टिंब देतो. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की. ही अक्षरं पहिल्यापासून ओळीनंच लिहायची असतात. एक मोडलं तर मागं फिरून दुरुस्त करता येत नाही."

बोलल्या खऱ्या, पण हात त्यांचेच शिवशिवत होते. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरंच सुधारली होती ना!

त्यांनी मुंबईच्या हझानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या जाणत्या माणसाला, फोटो पाठवला. उत्तर आलं: अक्षर संशयाचं आहे. अक्षरओळख असलेल्या लहान मुलाला दाखवा. फार हुशार नको, मठ्ठही नको. ते दालेत म्हणालं तर ठेवा, रेश म्हणालं तर कातडं बाद; देवाचा शब्द टाकून देत नाहीत, जमिनीत पुरा. पण कुणी सुचवायचं नाही.

सोलापुरात हिब्रू वाचणारं पोर कुठून आणायचं? मग आठवली रूबेनची लेक याएल. तिकडं पहिलीत होती.

व्हिडिओ कॉल लावला. धोंडप्पानं फोन धरला. पोरीला शब्द ओळखू येऊ नये म्हणून बाईंनी बाकीची ओळ कागदानं झाकली. रेश निघालं तर मझुझा बाद. शालोमच्या हातचं घरात दुसरं होतं काय!

याएलनं नाक स्क्रीनला लावून बघितलं. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तुला कुठलं पायजे?"

अगं बया! आता काय बोलायचं? धोंडप्पा डोळ्यांनी खुणावत होता, सांगा की. तिकडं पोरीमागून रूबेनही वाकून बघत होता. बाईंची जीभ 'दा' म्हणायला दातांना जाऊन टेकलीसुद्धा. तशीच त्यांनी ती मागं घेतली.

"तुला दिसतं ते सांग, बाळा."

"रेश."

"आई, उजेड कमी असेल," रूबेन घाईनं म्हणाला. "पुन्हा बघू या."

"उजेड भरपूर आहे."

"चुकलं का, आजी?" याएलचा आवाज रडवेला झाला.

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "नाही गं राणी. अगदी बरोबर वाचलंस. शाबास!"

फोन ठेवून त्यांनी कातडं हळूहळू गुंडाळलं, स्वच्छ रुमालात बांधलं. शालोमच्या कबरीशेजारीच पुरायचं ठरवलं. धोंडप्पानं लांबीचा डबा उघडला आणि चौकटीवरची खिळ्यांची भोकं बुजवायला घेतली.

"थांब," बाई म्हणाल्या. "ती बुजवू नकोस. नवी मझुझा त्याच भोकांत बसवायची."

"तिरकी बसंल की, बाई."

"बसू दे."