व्याह्याचा उपास

माझी बायको यशोदा गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसून सांबाराच्या जुड्या बांधत होतो, आणि ती मला म्हणाली की तुम्हाला जुडी बांधता येत नाही. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. शहरातल्या वाचकांनी इडली शोधत बसू नये.) पंचेचाळीस वर्षं भाजीपाला पिकवून वाशीमच्या बाजारात नेणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं!

पण भांडण जुडीचं नव्हतंच. भांडण उपासाचं होतं.

आमची सून रिबका यहुदी आहे. आमचा गजू पनवेलकडे कारखान्यात कामाला गेला, चार वर्षांनी नोकरी सोडून परत आला, तो हिला घेऊनच. तिच्या लोकांचं बोलणं मराठी, साडी मराठी, मच्छीचं कालवण तर विचारू नका. फक्त देव वेगळा आणि उपास कडक. आमच्या एकादशीला साबुदाणा, शेंगदाणे, केळी, बटाटे, म्हणजे रोजच्यापेक्षा दुप्पट. यांच्या उपासाला पाण्याचा थेंबसुद्धा नाही. शिरपूरला जैन मंडळी करतात ना, तसं.

तर त्या हिवाळ्यात रिबकाला दिवस जाऊन दोन महिने झालेले आणि तिचा कोणतातरी उपास आला. यशोदा म्हणाली, "पोरी, तू खाय. तुहा उपास मी धरीन." आणि खरंच धरला! मी पाहतच राहिलो. आठवडाभर मनात ठेवलं आणि त्या संध्याकाळी जुड्या बांधता बांधता बाहेर आलं.

"माह्यासाठी नाही धरला कधी असा बिनपाण्याचा!"

"मंग हरतालिका काय शेजाऱ्यासाठी धरून राह्यली होती काय मी?"

"त्यात केळं खात होती तू."

"अवो, जुडी पाहा. सुटून राह्यली तुमची."

हे तिचं शेवटचं बोलणं. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. आम्ही सगळे हादरलो. पण खरं सांगू? तेरवी झाल्यावरही मला सुनेची जलन होत होती. जाता जाता बायकोनं उपास धरला तो सुनेसाठी. नवऱ्याला काय, तर सुटलेली जुडी!

पुढे श्रावणात नात झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण पोरगी पंधरा दिवस आधीच आली, ती वाशीमच्या दवाखान्यात. मग पनवेलहून रिबकाचे आईवडील आले. आईचं नाव मिलकाबाई, वडिलांचं बिन्यामीनराव. व्याही बाहत्तर वर्षांचे, शेवग्याच्या शेंगेसारखे उंच आणि वाळलेले, स्वभावानं गायीपेक्षा गरीब. असा माणूस मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको झाला.

कारण? कारण त्यांची बायको जिवंत होती!

"अहो, टोपी कुठे टाकलीत?" "अहो, गोळी घेतली का?" "अहो, तोंड पुसा, भात लागलाय मिशीला!" दिवसभर हेच. मिलकाबाई त्यांच्यावर ओरडल्या की माझ्या पोटात आग. माझ्या मिशीला आठ महिन्यांपासून भात लागत होता आणि तो आपोआप वाळून पडत होता. आणि हा गृहस्थ मला एकदा हळूच म्हणतो, "फार बोलते हो ही. कंटाळा येतो." त्या क्षणी त्यांना विहिरीत ढकलावं असं वाटलं. (विहिरीला कठडा आहे म्हणून वाचले.)

वरून त्यांनी जाहीर केलं की सण झाला की रिबकाला आणि बाळाला चार महिने पनवेलला नेणार. "इथे घरात बाईमाणूस नाही ना, व्याही."

झालं! म्हणजे बायको गेली, आता नातही जाणार. गजू दिवसभर शेतात नाहीतर बाजारात. मग घरात मी आणि भिंती. मी ठरवलं, या सणात दाखवून देतो की बाईमाणसाशिवायही या घरात बाळंतिणीचं सगळं नीट होते.

सण होता दारफाळणीचा. वर्षातला सगळ्यात मोठा उपास. आदल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत जेवायचं, पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, नुसती प्रार्थना आणि वर्षभराच्या चुकांची माफी.

रिबका म्हणाली, "मी पण धरणार."

"अंगावर पाजणारी बाई तू! परवापर्यंत ताप होता तुले!" मी ओरडलो.

अनसिंगच्या डॉक्टरनं सांगितलं, दूध आटत चाललंय, पाणी सोडायचं नाही म्हणजे नाही. रिबका रडायला लागली. लहानपणापासून मोडला नाही म्हणे. शेवटी बिन्यामीनरावांनी त्यांच्याकडच्या एका जाणत्या माणसाला फोन लावला. त्यानं तोड काढली. जिवाला धोका असेल तर पिणं हाच धर्म. पण एकदम गटागटा नाही. गालभर पाण्यापेक्षाही कमी, मग नऊ मिनिटं थांबायचं, मग पुन्हा तेवढंच. म्हणजे पाणीही पोटात जाते आणि उपासाचा मानही राहते.

मला हे फार आवडलं. फवारणीच्या पंपाला औषधाचं माप आयुष्यभर मीच टाकत आलो. मापाचं काम म्हणजे माझं काम! मी बाह्या वर केल्या.

"मी घड्याळ बघतो," बिन्यामीनराव म्हणाले.

"मी माप भरते," मिलकाबाई म्हणाल्या.

"अन् मी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्ही आराम करा, व्याही."

माझ्याच घरात! माझ्याच भिंतीवरचं घड्याळ! मी तिथल्या तिथं गर्जना केली, "मंग मी बी उपास धरतो! बिनपाण्याचा!"

"तुम्हाला कशाला?" व्याही म्हणाले.

"काहून? तुमालेच जमते काय?" मग जरा आवाज खाली आणून विचारलं, "तंबाखू चालते ना?"

"नाही चालत."

माझी अर्धी हिंमत तिथंच गेली. पण शब्द तोंडातून गेला होता.

सकाळी गजू भाजीचा टेम्पो घेऊन बाजारात गेला. मोबाईल सगळ्यांनी बंद करून पेटीत ठेवले होते, सणाला हात लावत नाहीत म्हणून. घराचं दार बंद. आता आमच्या गावात दिवसाढवळ्या दार फक्त दोन वेळा लागते, भावाभावांत मारामारी झाली तर, नाहीतर कोणी गेलं तर. नऊ वाजता शेजारच्या सुभद्राबाईनं दार ठोकलं.

"आबाजी! दार काहून लावलं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, सण आहे!"

"दार लावून कुठचा सण असते?"

"आमच्या सुनेचा!"

"मंग तुमचा आवाज काहून असा बसला?"

"उपास आहे!"

"तुमाले?" एवढं विचारून ती जी हसत सुटली, ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली. दहा मिनिटांत चार बायका येऊन मला फटीतून बघून गेल्या.

दुपारपर्यंत माझी अवस्था वाईट झाली. छतावरचा पंखा मला भाकरीसारखा दिसायला लागला. आणि समोर बिन्यामीनराव शांत! पांढरा सदरा, हातात पोथी, ओठ हलताहेत, दर नऊ मिनिटांनी बोट वर करताहेत, आणि मिलकाबाई बाळाच्या औषधाच्या टोपणात मापून रिबकाला पाणी देताहेत. इतकं जुळून आलेलं काम की बघवेना. मधेच मिलकाबाई त्यांना म्हणाल्या, "अहो, पाय लांब करून बसा, पेटके येतील." माझेही पाय आखडले होते. कोणी बोललं नाही.

चारच्या सुमारास मिलकाबाईंचा डोळा लागला. थोड्या वेळानं व्याह्यांची मानही पोथीवर कलली. मला आनंद झाला! (माणसाचा स्वभाव. काय करता?) मी टोपण उचललं आणि कामाला लागलो. नऊ मिनिटं झाली की अर्धं टोपण. पुन्हा नऊ मिनिटं, पुन्हा अर्धं टोपण. रिबका माझ्या हातानं पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही तर माझ्या आईपेक्षा बारीक लक्ष ठेवता." मी एवढा फुगलो की सदऱ्याची गुंडी तुटायची राहिली. मग तीही बाळाला कुशीत घेऊन झोपली.

आता घरात जागा फक्त मी. झोपेतही रिबकाचा चेहरा पांढराफट्ट. बाहेर हस्ताचं आभाळ भरून आलेलं, पाचच्या आतच दिवेलागणीसारखा अंधार. आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या पुऱ्या आणि काळ्या मनुकांचं सरबत, उपास सोडायला. मी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला दहा कमी. अजून पावणेदोन तास!

मी स्टूल घेतलं, वर चढलो आणि काटा एक तास पुढे केला.

कोणासाठी केलं? चार आणे सुनेसाठी. बारा आणे या पोटासाठी. खोटं सांगून काय फायदा?

घड्याळात साडेसहाला मी खोकलो. बिन्यामीनराव दचकून जागे झाले. "अरे देवा! साडेसहा? मी एवढा झोपलो?"

"होते इवाई, उपासात असं होते," मी व्याह्यांना म्हटलं. "वय झालं तुमचं." (ते माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान आहेत.)

"चांदण्या?"

मी खिडकीची फट दाखवली. "आभाळ आहे. कुठच्या चांदण्या?"

बिचाऱ्यांनी घाईघाईनं सगळ्यांना उठवलं, शेवटची प्रार्थना म्हटली, घड्याळ बघितलं आणि मिलकाबाईंनी सरबताचे पेले भरले. व्याह्यांनी पहिला घोट घेतला. मी तर पेला एका दमात रिकामा केला आणि दुसऱ्या हातात पुरी घेतली. "आता दार उघडा," बिन्यामीनराव प्रसन्न होऊन म्हणाले.

मी दार उघडलं.

समोर लख्ख ऊन!

पश्चिमेचं आभाळ फाटलं होतं आणि सूर्य चांगला कासराभर वर उभा राहून आमच्या पेल्यांत डोकावत होता. ऊन ओट्यावरून आत आलं, बिन्यामीनरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून सरबतापर्यंत पोचलं. तेवढ्यात गजू टेम्पो लावून आत आला. "आजून सहा बी नाही झाले अन् तुमी जेवून राह्यले? दारफाळणी लवकर सुटली काय या वर्षी?"

बिन्यामीनराव हातातल्या पेल्याकडे पाहू लागले. "तेराव्या वर्षापासून," ते एवढंच म्हणाले, "एकदाही नाही." आणि मटकन भिंतीला टेकून बसले.

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाखाली स्टूल. स्टुलावर माझ्या पायाचे ठसे. तोंडात माझी पुरी.

"मी केलं," मी म्हटलं. पुरीमुळे नीट ऐकू गेलं नसेल, पण समजलं.

मग मिलकाबाई उठल्या.

"लाज वाटते का जराशी? म्हातारा माणूस तुम्ही! स्टुलावर चढलात? पडला असतात म्हणजे? कंबर मोडली असती, कोणी केलं असतं तुमचं? धरवत नव्हता तर उपास धरायचा कशाला? आणि ती मिशी पुसा आधी! सरबत गळतंय!"

दहा मिनिटं! मधे श्वास नाही! मी खाली मान घालून उभा. आणि सांगायला नको, पण सांगतो, मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला कोणी मनापासून झापलं होतं. मी मिशी पुसली. अगदी हळूहळू, म्हणजे अजून जरा बोलतील.

भिंतीकडून बिन्यामीनरावांचा बारीक आवाज आला. "मला एवढं कधी बोलली नाहीस गं तू."

मी चमकून पाहिलं. व्याह्यांना माझी जलन झाली होती! माझी!

त्यांनी पेला खाली ठेवला आणि पोथी पुन्हा उघडली. "माफीचा दिवस आहे, व्याही. तुमच्या कृपेनं अजून तासभर शिल्लक आहे. मागायची तर मागून घ्या."

मी तोंड उघडलं. शब्द येईना. चौथी शिकलेला माणूस मी. शिवी लगेच येते, माफी अडकते. नुसता त्यांच्याजवळ जाऊन बसलो. खऱ्या चांदण्या निघेपर्यंत ते उपाशी राहिले, मीही राहिलो. (एक पुरी सोडून.) रिबकाला मात्र तिच्या आईनं पोटभर पाणी पाजलं आणि म्हणाली, "ह्या घरात नियम पाळायचे कोणी आणि कशाला!" आणि उद्या सकाळच्या गाडीनं पनवेलला निघायचं, हेही पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे दार सताड उघडून सोयऱ्यांच्या घरी जायची रीत आहे. पहाटे जीप अंगणात लागली. बिन्यामीनराव पिशव्या घेऊन आले, तर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मी. अंघोळ झालेली, नवी टोपी, मांडीवर दोन धोतरं आणि सांबाराच्या वीस जुड्या.

"बा, तुमी कुठं निघाले?" गजूनं विचारलं.

"इवायाची माफी मागाची आहे."

"मग इथंच मागा ना! समोर तर उभे आहेत!"

"माफी दुसऱ्याच्या घरी जाऊन मागतात, आपल्या अंगणात नाही," मी म्हटलं. "अन् मले शब्द सुचाले वेळ लागते. चार महिने तं लागतीनच!"