झील येते, सुरुवात येत नाही

मी गाव सोडलं तेव्हा जऊळका स्टेशनवर मला पोचवायला चौघं आले होते. बाबा, माय, धाकटी बहीण मंगला, आणि बाबांच्या भजनी मंडळातले मृदंगवाले देवरावकाका, ज्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मी नुकताच दहावी झालो होतो आणि डिप्लोमासाठी पुण्याला निघालो होतो. तेव्हा मीटरगेजची लहान लाइन होती आणि गाडीला उशीर होता. देवरावकाकांनी गळ घातली, "बुवा, एक होऊन जाऊ द्या." बाबा बाकावर मांडी घालून गायला लागले, मी सवयीनं झील धरली आणि कडव्याच्या ऐन मध्यात गाडी आली. माय म्हणाली, "पोचला का पत्र टाकजो." बाबा बाकावरून उठलेच नाहीत. कडवं अर्धवट राहिलं याचाच त्यांना जास्त राग आला असावा, असं मला तेव्हा वाटलं.

मित्रांनो, आपल्या बॅचच्या ग्रुपवर फर्मान निघालं की शाळेनंतर काय काय केलं ते प्रत्येकानं लिहायचं, तेव्हापासून मी तोंड लपवून बसलोय. कुणी कृषी केंद्र काढलं, कुणी मुख्याध्यापक झालं, कुणी आजोबासुद्धा झालं. माझं सांगायचं तर पुणे, मग हैदराबाद, आणि आता एकोणीस वर्षं कॅनडा. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं हे माझं काम. प्रोजेक्ट कुणीतरी सुरू करतं आणि मी मागून येतो. टेस्टिंगमध्ये मला चांगला पगार आहे, डोक्यावर छप्पर आहे, हिवाळ्यात बर्फ लोटायला फावडं आहे. तक्रार करावी असं काही नाही.

तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी आमच्या ओसरीवर ते भजन ऐकलेलं आहे. जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. बुवा ओळ म्हणतो आणि मागे बसलेले त्या ओळीचं शेपूट पकडून वर नेतात, ती झील. आमच्या मंडळात अख्खी ओळ पुन्हा म्हणायची पद्धत नव्हती. शेवटचे चार-पाच शब्द तेवढे उचलायचे, पण असे की शेजारच्या वस्तीवर कुत्री भुंकली पाहिजेत. मी सातवीपासून झीलकरी होतो. बाबा गात असताना माझं सगळं लक्ष आपली वेळ चुकू नये याकडे. ते काय गातात हे मी कान देऊन कधी ऐकलंच नाही. जवळ होतं ना, म्हणून.

गाणी बाबांनी स्वतः जुळवलेली होती. नांगरता नांगरता जुळवायचे आणि संध्याकाळी म्हणायचे. पुण्याहून पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा मी शहाणपणानं म्हटलं होतं, बाबा, हे वहीत उतरवून ठेवू. ते म्हणाले, "वही कायले पाह्यजे? मी आहो ना." पुढे टेपरेकॉर्डर घेऊन गेलो तर त्याच्याकडे असं बघितलं की मी तो गुपचूप पिशवीत घातला. हट्ट धरायला हवा होता. मी कधीच कशाचा हट्ट धरला नाही.

माय गेली त्याला सहा वर्षं झाली. देवरावकाका त्याच्या आधीच गेले. मंडळातले बाकीचे कुणी सुरतेला, कुणी पोराकडे नागपूरला. आणि गेल्या पोळ्यानंतर बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला, आणि वाचा गेली. मंगलानं त्यांना कामरगावला स्वतःच्या घरी नेलं.

बाबांना सगळं समजतं, पण शब्द निघत नाही. पाणी हवं असलं तरी नुसतं बघत राहतात, आणि आपल्याला कळलं नाही की चिडतात, मग रडतात. माझे बाबा रडतात हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक वाट सांगितली. बोलणं बंद झालं तरी पाठ झालेलं गाणं पुष्कळदा शाबूत असतं. ओळखीच्या गाण्याची सुरुवात करून द्या, पुढचं ते ओढतील, आणि त्यातले शब्द हळूहळू बोलण्यात यायला लागतील. मंगलानं आरती म्हणून पाहिली. बाबांनी शेवट बरोबर पकडला! पण आरतीतल्या शब्दांनी भाकर मागता येत नाही. बाबांच्या स्वतःच्या गाण्यांत मात्र भाकर होती, पाणी होतं, बैल होते, ऊन होतं, 'ये' होतं आणि 'जा' होतं. माणसाला लागतं ते सगळं त्यांत होतं.

मी तीन आठवड्यांची रजा टाकून गेलो. मोठ्या हौसेनं गेलो होतो, उगाच खोटं कशाला बोलू. घरात गाणं येणारा मीच ना. बाबांसमोर बसलो, डोळे मिटले, आणि तोंडातून निघालं, "चाल गा, चाल गा, बांधावरून." त्याच्या आधीचं काही येईना. दुसरं गाणं घेतलं, त्याचंही शेपूटच. चौदा गाण्यांची शेपटं मला स्वच्छ येतात, अगदी सुरात, आणि एकाचंही तोंड येत नाही. मंगलाला विचारलं. ती म्हणाली, "आमी तं आंदर भाकरी करत राहो दादा. आमाले तुमची बोंबच आयकू ये."

तरीही मी रोज म्हणत राहिलो. आठव्या दिवशी बाबांनी डावा हात उचलला. पंजा माझ्याकडे केला आणि मान हलवली. मला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. झील लवकर धरली की ते मंडळात असाच हात करायचे. थांब, माझी ओळ व्हायची आहे. मी थांबलो. ते तोंड उघडून ओळ शोधत राहिले. त्यांचा गळा हलत होता, घाम आला होता. मंगला बाहेर निघून गेली.

म्हणून तुम्हाला ग्रुपवर विचारलं होतं, की कुणाला एखादी तरी सुरुवात आठवते का. तुमचे उपकार मी विसरणार नाही. सतरा जणांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवले. सुनील तर ट्रॅक्टर थांबवून बांधावरून गायला. मी इकडे परत आल्यावर ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून एकेक ऐकलं. सतराच्या सतरा जणांचं "चाल गा, चाल गा, बांधावरून." आपण सगळे तेवढंच घेऊन आलो, गेलेले आणि राहिलेलेही.

घर म्हणजे काय, यावर तुम्ही फार छान छान लिहिलंत. मला तसं लिहिता येत नाही. एवढंच आठवतं की एका गाण्याच्या पहिल्या ओळीत बाबांनी माझं नाव घातलं होतं. कुठल्या ते माहीत नाही. भास्करा, अशी हाक त्यात होती. ती मी कितीदा बाबांच्या पाठीमागे बसून ऐकली असेल, आणि दर वेळी ओळ कधी संपते याची वाट पाहिली. आता माझं घर तेवढ्यात आहे, आणि मला तिथं जाता येत नाही.

परवा रविवारी मंगलानं व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी स्क्रीनवर माझ्याकडे बोट केलं आणि ओठ घट्ट मिटले, भ म्हणायला मिटतात तसे. "दादा, तुह्यंच नाव घेऊन राह्यले वाटते," मंगला म्हणाली. मी हो म्हटलं. ओठ काही उघडले नाहीत. मी इकडे तोंड उघडलं नाही, कारण आधी त्यांची ओळ व्हायची होती.