उन्हात वाळवलेले बिबटे

वनखात्याचा गार्ड मंगलाअक्कांच्या ओट्यावर बसला होता. त्याच्या मोबाइलवर अक्कांचीच नवी वेबसाइट उघडी. फांदीवर पहुडलेला बिबट्या, आणि खाली ओळ : 'उन्हात वाळवलेले शुद्ध घरगुती बिबटे. लसूण व टोमॅटो चवीत. तळून खा.'

"अक्का, बिबटे कुठे ठेवलेत?"

"बिबटे नही रे भाऊ, बिबडे शेतस, बिबडे!" अक्कांनी डबाच त्याच्या पुढ्यात आदळला.

मी धुळ्यात वेबसाइट बनवतो. त्याआधी ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं लिहायचो. अक्कांचा फोन आला तसा चाळीसगाव गाठलं.

बिबडे म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड. बचतगटातल्या अकरा बायकांनी उन्हाळाभर घाम गाळून ते वाळवले होते. बाहेरगावच्या ऑर्डरी मिळाव्यात म्हणून वेबसाइट. अक्कांनी तेव्हा मला नाकारलं होतं. "तुन्हं तं हापिस बी नही." काम दिलं मोठ्या शहरातल्या डिझायनरला. त्याने प्रोजेक्टर लावला, इंग्रजी बोलला, आणि पुढे केलेला बिबडा 'ऑइली' म्हणून परत केला. तिथेच त्याला हाकलायला हवं होतं! जो माणूस तुमचा माल चाखत नाही, तो विकणार काय? त्याच्या सॉफ्टवेअरला 'बिबडे' हा शब्द माहीत नव्हता. त्याने 'बिबटे' करून टाकलं. त्यावरून कुणी तरी फोटो शोधला. एकालाही वाटलं नाही, की बाईला विचारावं, बिबटे तळतात कसे?

"तक्रार आलीय," गार्ड म्हणाला. "संध्याकाळपर्यंत पान उतरलं नाही, तर वर कळवावं लागेल. मग चौकशी होईपर्यंत माल अडकेल."

"पासवर्ड?" मी विचारलं.

"तो त्यानापाशी शे."

डोमेनही त्याच्याच नावावर निघालं. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तिचा सातबाराच म्हणा. मी डिझायनरला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"चेंज रिक्वेस्ट टाका. सात वर्किंग डेज लागतील."

"अहो, इथे गार्ड बसलाय! पासवर्ड द्या, मी बदलतो."

"पॉलिसी नाही. डोमेन माझ्या नावावर आहे. लीगली साइट माझी."

दुसरा बिबडा चावत गार्ड फोनकडे वाकला. "वनखात्यातून बोलतोय. साइट नक्की तुमची?"

"हो सर. हंड्रेड पर्सेंट."

"मग बिबटेही तुमचेच. पूर्ण नाव, पत्ता सांगा."

"सर, एक मिनिट, सर..."

"लिखी ले भाऊ," अक्का ओरडल्या, "बठ्ठा बिबटा त्यानाच शेतस!"

दहा मिनिटांत पासवर्ड आला. डोमेन अक्कांच्या नावावर करायचा अर्जही त्यानेच घाईघाईने भरला. मी बिबट्या उतरवला. गार्ड पाव किलो बिबडे विकत घेऊन गेला.

आता काम मलाच मिळणार, असं मी गृहीत धरलं. अक्कांनी बशीत बिबडा ठेवला.

"हाई काय शे?"

"बिबडा."

"लिखी दखाड."

मी मोबाइलवर टाइप केलं. मोबाइलने केलं 'बिबटा'. अक्कांनी बशी मागे ओढली.

काम मिळालं, पण एका अटीवर : कुठलंही पान अक्कांनी वाचल्याशिवाय चढत नाही. तुम्हीही डिझायनर निवडा तेव्हा सातबारा आपल्या नावावर ठेवा, आणि आपल्या मालाचं नाव त्याच्याकडून आधी लिहून घ्या.