फरशीवरच्या धामणी

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला बसले. अंबडच्या कॉलेजात गणित शिकवते, घर अंकुशनगरजवळ, चारी बाजूंनी ऊस. म्हणून विषयही उसातलाच घेतला: उंदीर आणि त्यांना खाणारी धामण. शेताचे चौकोन पाडायचे, कोण कुठे सरकेल ते नशिबावर सोडायचं आणि दोघं किती काळ टिकतात ते कॉम्प्युटरवर बघायचं. माझ्या कॉम्प्युटरवर कुणीच टिकेना. आधी उंदीर संपायचे, मग धामणी उपाशी मरायच्या. दाराबाहेर मात्र दोन्ही मजेत होते.

गाईड सर फोनवर म्हणाले, "मॅडम, सोमवारी समितीसमोर हेच दिसलं तर विषय बदलावा लागेल." म्हणजे चार वर्षं पाण्यात.

रविवारी दुपारी मी प्रोग्रॅम हातानेच चालवायला बसले. हॉलमधल्या एकोणपन्नास फरश्या म्हणजे शेत, शेंगदाणे म्हणजे उंदीर, खारका म्हणजे धामणी. फरश्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या डब्यात. चिठ्ठी निघेल तिथे खारीक ठेवायची. शेंगदाणे भाजलेले घेतले ही चूक झाली, कारण अधूनमधून उंदीर मीच खात होते.

सासूबाई खाटेवरून बघत होत्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ऊस तोडलेला.

"काय करून राह्यली गं?"

"धामण चालवतेय, आत्याबाई." मी दाराजवळची खारीक उचलून टीव्हीखाली ठेवली.

"ही उडून गेली का?"

"चिठ्ठीत तसं आलं."

"चिठ्ठीला काय कळतंय? धामण हाये का हेलिकॉप्टर? शेजारच्या सरीत जाईल, मंग तिच्या पुढच्या. आन् तू पोरांना शिकवती?"

मी लॅपटॉप उघडला. शेजारच्या चौकोनाऐवजी अख्ख्या शेतातला कुठलाही चौकोन निवडला जात होता. प्रोग्रॅममधली ती ओळ माझीच. चौकोन पाडूनही धामणीला सगळं शेत मी एकाच ताटात वाढलं होतं. ओळ दुरुस्त केली. आता एका कोपऱ्यात उंदीर संपले तरी दुसरीकडे वाढत राहिले, आणि धामणी तिकडे पोचेपर्यंत पहिला कोपरा पुन्हा भरला. परत परत चालवून बघितलं. बहुतेक वेळा दोघंही जगले.

सोमवारी समितीसमोर विषय टिकला. चूक कशी सापडली, असं समितीने विचारलं. "उसातल्या जाणकार व्यक्तीशी चर्चा केली," मी म्हणाले. त्यांचे प्रबंधात नावानिशी आभार माना, अशी सूचना मिळाली.

घरी येऊन सासूबाईंना तसं सांगितलं.

"माझं नाव बिलकुल टाकू नको," त्या म्हणाल्या. "गावात म्हणतील, म्हातारीनं उंदरं जगवली."