झेंडूच्या माळेतला राक्षस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि ती तर त्या दिवशी माझ्या शेजारीच बसली होती. तुम्हाला सांगतोय, पण सांगतानाही राग येतोय. आधी नानांचा, मग सगळ्या मंडळाचा, आणि मग — ते येईलच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंग्लंडमध्ये, स्लाऊच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होतो, आणि आमच्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक चिटणीस. त्या पदाला बाहेर कुत्रं विचारत नव्हतं, पण मला त्याचा केवढा तोरा! एक्स-रे विभागात राफाएल नावाचा माझा मेक्सिकन मित्र होता. गावी, घरच्याच अंगणात, भावंडं जमवून त्याने एक सिनेमा केला होता. शेळ्यांचं रक्त पिणारा त्यांच्याकडचा राक्षस, चुपाकाब्रा — जुन्या गादीचा फोम हिरवा रंगवून शिवलेला. आत खुद्द राफाएल. राक्षस इतका भित्रा, की शेळीच त्याच्या मागे लागते. त्याच्या फ्लॅटवर मी तो दोनदा पाहिला. हसून हसून पोट दुखलं.

त्यात एक देव्हारा येतो. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, गोड पाव, मधोमध एका बाईचा फोटो. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या आपल्या मृतांसाठी ते लोक तो मांडतात. भुकेला राक्षस पाव खातो, माळ गळ्यात अडकवतो, आणि फोटोकडे बघून खाली बसून रडतो. तो फोटो राफाएलच्या आईचा. खराखुरा. शेळीही तिचीच. शूटिंगच्या आधीच आई गेली होती. तिला हसायला फार आवडायचं, म्हणून हा सिनेमा — हे त्याने मला सांगितलं होतं. मला! आणि मीच म्हटलं, आमच्या गणपतीत दाखवू.

लंडनमधल्या ईलिंगच्या हॉलमध्ये आरती झाली, मोदक झाले, टीव्ही लावला. सिनेमा स्पॅनिश, म्हणून राफाएल बाजूला उभा राहून इंग्रजीत गोष्ट सांगत होता. लोक काय हसले! काकू पदराने डोळे पुसत होत्या. आमचे अध्यक्ष नानासुद्धा मांडीवर थाप मारून हसत होते, मी पाहिलं. आणि मग झेंडू दिसला. आमच्या मखरावर होता तसाच. राक्षसाने पाव उष्टा करून माळ गळ्यात घातली, तसे नाना ताडकन उठले.

"स्टॉप करा ते! बाप्पासमोर बाप्पाचीच टिंगल?"

बाप्पाची? त्यात बाप्पा कुठे होता? जगात झेंडू काय आपणच वाहतो? आणि क्षणापूर्वी खिदळणारे सगळे एकदम सोवळे झाले — घरी पोरांना मुंज्याच्या नि हडळीच्या गोष्टी सांगणारेच ना हे? एकाने तरी विचारावं, हा फोटो कुणाचा? आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पण उत्तर होतं कुणाकडे? माझ्याकडे. एक वाक्य पुरलं असतं.

नाना माझ्याकडे वळले. "डॉक्टर, तुम्ही हे आधी पाहिलं होतंत?"

मी म्हटलं, नाही. मराठीत म्हटलं. आणि मग — राफाएल माझ्याकडे बघत होता ना — इंग्रजीतही म्हटलं. कॅसेट याने आणली, आत काय आहे मला ठाऊक नव्हतं.

राफाएलने कॅसेट काढली, कोटाच्या आत ठेवली आणि निघाला. दारातल्या काकूंनी सवयीने प्रसाद पुढे केला, नानांकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. माझ्या बायकोने विचारलं, बिचारा कोण हो तो? मी म्हटलं, कामावर ओळख आहे.

सोमवारी कॅन्टीनमध्ये तो माझ्या टेबलाशी आला. त्याने चिडावं, चारचौघांत मला खोटारडा म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं. तो म्हणाला, चूक माझीच. तुमच्या देवापुढे काय दाखवावं हे मला कळायला हवं होतं. माझ्यामुळे तुला तुझ्या माणसांत खोटं बोलावं लागलं. सॉरी.

मी चहाचा घोट घेतला, आणि त्याला माफ केलं.