दोनदा थोपटणे

ज्या वहीत मी जुजुत्सू या जपानी कुस्तीचे डाव उतरवून घेतले, ती अजून माझ्याजवळ आहे. डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर कृती आणि प्रत्येक कृतीला क्रमांक, अशी तिची मांडणी शाळेतल्या भूमितीच्या वहीसारखी आहे. मी सोलापुरात गणित शिकवीत असे. दुसरी कोणती पद्धत मला ठाऊक नव्हती.

मुंबईला एका जपानी शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेले एक प्रौढ गृहस्थ एका वर्षी सोलापुरात आप्तांकडे पंधरा दिवस राहावयास आले होते. भवानी पेठेतल्या तालमीच्या वस्तादांनी सकाळची मेहनत आटोपल्यावर तासभर कुस्तीचा मातीचा हौद वापरण्याची परवानगी दिली आणि आम्ही पाच जण त्या गृहस्थांकडे शिकू लागलो. जुजुत्सूत पाठ टेकली म्हणजे हार होत नाही. तिथूनच खरी झटापट सुरू होते, आणि ती बहुधा कोपर किंवा मनगट उलट ताणले गेले म्हणजे संपते. ज्याचा हात अडकला त्याने तळहाताने जमिनीवर दोनदा थोपटायचे. दुसऱ्याने तत्काळ सोडायचे. “हा हक्क अडकलेल्याचाच,” ते गृहस्थ म्हणाले होते. “कळ कुठवर गेली ते बाहेरून दिसत नाही.” हे वाक्य मी शब्दशः लिहून घेतले आहे.

ते गेल्यावर वर्ग वाढवावा असे मला फार वाटू लागले. तालमीतले पहिलवान आले तर वर्ग टिकेल, हा माझा हिशेब. पण थोपटण्याचे नाव काढताच वस्ताद उखडले. ते कुंभारी गावचे, बोलणे तिकडचेच.

“मास्तर, ज्या मातीला आमी रोज कपाळ लावतो, तिच्यावर हात आपटायचा? हरलो म्हनून? हाड मोडलं तरी चालंल, पर ह्ये हितं व्हायचं न्हाय.”

एक पहिलवान हसत म्हणाला, “मास्तरांच्या शाळंत पोरं हात वर करत्यात न्हवं, तसलंच हाय की ते!”

मी घरी येऊन विचार केला आणि नियम दुरुस्त केला. कोणी थोपटायचे नाही. मी शेजारी उभा राहून ‘एक, दोन, तीन’ म्हणेन, आणि ‘तीन’ला हात सुटेल. तिघांचाही मान राहत होता: मातीचा, पहिलवानांचा आणि, आज कबूल करतो, माझाही. दोन महिन्यांत आम्ही पाचांचे वीस झालो.

त्या विसांत एक विणकर होता. घरात तेलुगू, आमच्याशी स्वच्छ मराठी. आई, बायको आणि तो, अशी तिघे त्याच्या एका हातमागावर जगत होती. उजव्या हाताने दोरी ओढून धोटा पळवायचा, डाव्याने फणी ठोकायची; त्यामुळे त्याची मनगटे विलक्षण चपळ होती. सांगितले तेवढेच आणि सांगितले तसेच करणारा असा विद्यार्थी मला शाळेतही क्वचित मिळाला.

एके सकाळी एका दांडग्या पहिलवानाने त्याचा उजवा हात मांड्यांत पकडला आणि कोपर ताणले. मी म्हणालो, “एक.” विणकराने मान वळवून माझ्याकडे पाहिले. परवानगीची वाट पाहणारी मुले अशीच पाहतात. मला त्याचे वावगे वाटले नाही. मी ठरल्या संथ गतीने म्हणालो, “दोन.” तेवढ्यात त्याचे तोंड उघडले आणि आवाज आलाच नाही. पहिलवान घाबरून आपणहून बाजूला झाला. ‘तीन’ मी म्हटलेच नाही.

वस्तादांनी कोपर जागेवर बसवून पट्टा बांधला. मी विणकराला विचारले, “ओरडला का नाहीत?”

तो म्हणाला, “तुम्ही मोजत होतात ना, मास्तर.”

आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो. माग बंद होता. तो एका हाताने धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसला होता. एरवी ते काम बायकोचे. त्याची आई मला पाहून तेलुगूत बराच वेळ काही बोलली.

“काय म्हणाल्या?” मी विचारले.

“काही नाही. पाणी घ्या.”

परत येताच मी वही पहिल्या पानापासून तपासली. सगळे होते, एक गोष्ट मात्र नव्हती. त्या पंधरा दिवसांत ते गृहस्थ रोज आरंभी स्वतः आडवे होत, आमच्यातल्या सर्वांत कच्च्या गड्याला आपला हात धरावयास लावत आणि थोपटत. वडीलधाऱ्या माणसाचे सौजन्य म्हणून मी ते सोडून दिले होते. तोच पहिला धडा होता, आणि त्याला मी क्रमांक दिला नव्हता.

मी वस्तादांकडे जाऊन म्हणालो, “वर्ग बंद करतो.”

त्यांनी हातातले फावडे मातीत रोवले. मग म्हणाले, “मातीवर नगं, असं म्हनलो व्हतो मी. धरनाऱ्याच्या अंगावर थोपटलं असतं तर कुनाचं काय जानार व्हतं?”

“हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं कुटं? दुसऱ्या दिशी नियम लिवूनच आनलात की.”

वर्ग बंद करण्याचे मी पुन्हा काढले नाही.

पुढच्या सकाळी मी हौदात उतरलो. विसांतले आठ उरले होते. विणकराला निरोप धाडला होता. तो गळ्यातल्या झोळीत हात अडकवून काठावर येऊन बसला. त्याच दांडग्या पहिलवानाला मी माझा हात धरावयास सांगितले. तो धरीना. वस्ताद खेकसले तेव्हा त्याने धरला. कोपर सरळ होऊ लागताच मी त्याच्या मांडीवर दोनदा थोपटले. त्याने लगेच सोडले.

काठावरून विणकर म्हणाला, “मास्तर, तुम्ही तर ‘एक’च्याही आधी थोपटलंत.”

सगळे हसले, तोही हसला. मी अंगावरची माती झाडीत राहिलो.

वर्ग पुढे बरीच वर्षे चालला. नवीन येणारा प्रत्येक जण आधी माझा हात धरी आणि मी थोपटत असे. विणकराचे कोपर पुरते सरळ कधीच झाले नाही. त्याने दोरी आखूड करून घेतली आणि माग पुन्हा सुरू केला. त्या गल्लीतून जाताना मी तो ऐकत असे: दोरीचा ओढा, फणीचा ठोका, आणि दोहोंच्या मध्ये इतर मागांपेक्षा किंचित लांबलेला एक विराम.