यजमानाचं पोट

कुवेतच्या दसमा वस्तीतल्या बू-धारीच्या दिवाणियात, म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला पुरुषांच्या बैठकीसाठी बांधलेल्या लांबलचक खोलीत, वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन न झालेली माणसं दोनच उरली होती. एक स्वतः बू-धारी, वजन एकशे अठ्ठेचाळीस किलो. दुसरे घलूमकाका, वय चौऱ्याऐंशी. त्यांचं वजन कुणी विचारत नसे, कारण वाऱ्याच्या दिवशी त्यांना दंडाला धरूनच आत आणावं लागे. बाकी सगळे कापून, शिवून, वळवून आलेले. कुवेतची माणसं पूर्वी समुद्रावरून परतली की वादळाच्या गोष्टी सांगत. हल्ली ऑपरेशनच्या सांगतात, आणि तितक्याच वाढवून सांगतात.

बू-धारीचं खरं नाव मरझूक. थोरला मुलगा धारी, म्हणून सगळे त्याला धारीचा बाप, बू-धारी म्हणत. उभी हयात अग्निशमन दलात गेली. एके काळी हा गडी खांद्यावर माणूस घेऊन शिडी उतरायचा, हे आता त्याच्याकडे बघून कुणाला खरं वाटलं नसतं. चार पायऱ्या चढल्या की लोहाराचा भाता सुरू. साखर औषधांना जुमानत नव्हती, गुडघे कुरकुरत होते आणि झोपेत श्वास असा अडकायचा की त्याची बायको उम्म धारी, म्हणजे धारीची आई, त्याला गदागदा हलवून माघारी आणायची. आता ऑपरेशन टाळता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

पण बू-धारीच्या पोटाचा प्रश्न त्याच्या एकट्याच्या पोटाचा नव्हता.

दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की त्याच्याकडे जेवण असे. बापाच्या काळापासूनची रीत. जमिनीवर भली मोठी परात, तिच्यात भाताचा डोंगर, त्यावर मटण नाहीतर झुबेदी, म्हणजे आपलं पापलेट, आणि भोवती बसून सगळ्यांनी एकाच परातीत जेवायचं. त्या घराचा नियमही बापानेच घालून दिलेला: शेवटच्या पाहुण्याचं पोट भरेपर्यंत यजमानाने परातीतून हात काढायचा नाही. यजमानाने हात काढला की पाहुणा लाजतो आणि अर्धपोटी उठतो. यजमानाचं पोट भरलं तरी त्याने खात राहायचं. बापाने हे मरेपर्यंत पाळलं आणि लोक अजून त्याचं नाव काढतात.

आणि शेवटचे पाहुणे असायचे घलूमकाका. हे बापाचे जुने दोस्त. तरुणपणी जहाजावर मुंबईपर्यंत जाऊन आलेले, आता बायको गेलेली, मुली परदेशात, घरात एकटे. तोंडात दात म्हणाल तर आठवणीपुरते. एकेक घास ते असा घोळवत बसत की बघणाऱ्याला डुलकी यावी. बू-धारी त्यांच्यासमोर बसून, त्यांना संकोच वाटू नये म्हणून, खात राही. म्हाताऱ्याला आठवड्यातून एकदाच माणसांत बसून पोटभर गरम जेवण मिळतं, ते त्याच्यामुळे अर्धवट राहिलं तर बापाला काय तोंड दाखवायचं? ऑपरेशननंतर चार घासांत पोट भरलं की काकांसमोर बसणार कोण, हा त्याचा खरा घोर होता. तो त्याने कुणाला सांगितला नव्हता, कारण एवढ्या मोठ्या माणसाने असल्या कारणासाठी ऑपरेशन लांबवावं हे त्याचं त्यालाच हसू येण्यासारखं वाटत होतं.

दिवाणियात मात्र सगळ्यांना वाटायचं की गडी घाबरला. आणि मग सल्ल्यांना तोटा नव्हता.

"स्लीव्ह कर, डोळे मिटून कर," बू-खलफ म्हणाला. तो स्लीव्हवाल्यांचा म्होरक्या. "पोटाचा मोठा भाग कापून टाकतात. उरतं ते केळ्याएवढं. आतड्याला कुणी बोट लावत नाही. माझ्याकडे बघ! हा फोटो बघ आणि मग माझ्याकडे बघ!"

"बघितला, बघितला," शबीब म्हणाला. "तो फोटो आता आमच्या बायकापोरांनाही पाठ झालाय. बू-धारी, तू बायपास कर. पोटाची इवलीशी पिशवी करतात आणि आतडं वळवून थेट तिला जोडतात. माझी साखर पळाली ती अजून परत आली नाही."

"आणि एक लुगेमात खाल्लंस तर काय होतं ते सांग की," बू-खलफ म्हणाला. लुगेमात म्हणजे पाकात बुडवलेले तळलेले गोळे, त्यावर या माणसांचा जीव.

शबीब जरा वरमला. "घाम फुटतो. छाती धडधडते. पण खायचंच कशाला?"

"ऐकलंस? कशाला म्हणतो! आयुष्यभर गोळ्या गिळतोय आणि लुगेमात दिसला की तोंड फिरवतोय. याला जगणं म्हणतात?"

"अरे, फुगा!" कोपऱ्यातून याकूब ओरडला. "कापाकापी नाही, शिवाशिवी नाही. पोटात फुगा सोडतात, सहा महिन्यांनी काढतात."

"मग तुझं काय झालं?" बू-धारीने विचारलं. तो पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होता.

"सहा महिने बारीक होतो. मग फुगा काढला आणि मी फुगलो. शेवटी स्लीव्हच केलं."

दिवाणिया हसून हसून आडवी झाली. पण बू-धारीच्या डोक्यात फुगा बसला तो बसलाच. सहा महिन्यांचाच तर प्रश्न. फुगा निघाला की पुन्हा काकांसमोर बसता येईल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं त्याचं झालं. जे निमित्त हवं होतं ते सापडलं.

सर्जन होत्या डॉक्टर अनफाल, तिशी-पस्तिशीतली तडफदार बाई. बू-धारी फुग्याचं बोलायला लागला तसं त्यांनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "झोपताना उशा किती घेता?"

"हा कसला प्रश्न?"

"तीन," उम्म धारी मध्येच म्हणाली. "तीन उशा, आणि तरी घशाशी आंबट येतं म्हणून उठून बसतो. बसल्या बसल्या घोरतो. दिवसा विचारलं तर म्हणतो मला काही होत नाही."

"उम्म धारी!"

"काय उम्म धारी? डॉक्टरणीसमोर खोटं बोलून कुणाचं पोट आत जाणार आहे?"

डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं आणि पुढच्या भेटीला समोर बसवलं. "फुगा तुमच्यासाठी नाही. एवढं वजन, एवढी साखर, तो तात्पुरता उपाय. अन्ननलिकेला आधीच आम्लाने सूज आहे. स्लीव्ह केलं तर ते आणखी वाढण्याची भीती आहे. तुमच्यासाठी बायपास बरा. साखरेलाही तोच जास्त मदत करेल. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभर, आणि गोडाला रामराम."

"पण आमच्या दिवाणियात बहुतेकांनी स्लीव्ह..."

"बू-धारी, शेजाऱ्याचा चष्मा लावून कुराण वाचता का? ज्याच्या डोळ्याला जो नंबर. तुमचे दोस्त बरे झाले, मला आनंद आहे. पण त्यांची पोटं तुमच्या अंगात नाहीत."

बू-धारीने खाली मान घातली. मग हळूच विचारलं, "डॉक्टर, यातलं असं एखादं आहे का, की त्यानंतर तासभर परातीवर बसून खाता येईल?"

डॉक्टर अनफाल हसल्या. त्यांना वाटलं, खादाड माणूस शेवटची घासाघीस करतोय. "एकही नाही," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच तर करायचं."

 घरी परतताना गाडी सिग्नलला थांबली तशी उम्म धारीने नेमकी नस पकडली. "तू मरणाला भीत नाहीस, सुईला भीत नाहीस. आगीत शिरणारा माणूस तू. मग अडलंय कुठे?"

तेव्हा त्याने सांगितलं. काकांचं सांगितलं, बापाचं सांगितलं. बोलता बोलता सिग्नल सुटला आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

 उम्म धारीला हसावं की रडावं कळेना. "वेड्या माणसा," ती म्हणाली, "तू गेलास तर काकांसमोर कोण बसणार? तुझा फोटो? अर्धा तास जेव पण वीस वर्षं बस. त्यांना डबा मी पाठवीन, बरा होईपर्यंत. हात काढायचा नाही हे तुझ्या बापाचं म्हणणं होतं. त्यापायी मुलाने जीव द्यायचा असं नव्हतं."

 दुसऱ्या दिवशी त्याने बायपासला होकार कळवला.

बू-खलफला हे कळलं तेव्हा त्याने असं तोंड केलं, जणू बू-धारीने धर्म बदलला. शबीबने मात्र भर दिवाणियात उठून त्याला मिठी मारली आणि बायपासवाल्यांच्या गटात एकाची भर पडली म्हणून सगळ्यांना चहा पाजला.

ऑपरेशन नीट झालं. पोटावरच्या पेरभर भोकांवर पट्ट्या, चार-दोन दिवस दुखलं, मग काही आठवडे पातळ सूप, मग घोटलेली डाळ. साखर खरंच उतरली. श्वास मोकळा झाला आणि एक उशी कपाटात गेली. शुक्रवारची जेवणं या काळात बंद होती. काकांकडे दर शुक्रवारी डबा जाई आणि अर्धा परत येई.

"एकट्याला घास उतरत नसेल बिचाऱ्यांना," उम्म धारी म्हणाली. बू-धारीला ते ऐकून अपराध्यासारखं झालं. पूर्ण बरा व्हायची वाट न बघता त्याने पुढच्याच शुक्रवारचं आमंत्रण सगळ्यांना धाडलं.

परात आली. झुबेदी होती, भातावर परतलेला कांदा आणि मनुका, बाजूला दक्कूस, म्हणजे टोमॅटोची झणझणीत चटणी. बू-धारीने बिस्मिल्ला म्हणून माशाचा एक लहान तुकडा तोडला, चावला, गिळला. दुसरा. तिसरा. चौथ्याला पोटाने दार लावून घेतलं. पण हात त्याने काढला नाही. बू-खलफकडे, याकूबकडे त्याने पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की ही मंडळी बऱ्याच वर्षांपासून काहीच खात नाहीत! उजव्या हाताने भात इकडून तिकडे सारायचा, मधूनच बोटं ओठांपाशी न्यायची आणि रिकामीच खाली आणायची. तो यांच्यासोबत खातोय असं समजत होता आणि खरं तर परातीतला भात तो आणि काका दोघेच संपवत होते. त्यानेही तसंच करायला सुरुवात केली. समोर घलूमकाका नेहमीसारखे घोळवून घोळवून चावत होते. बू-धारीला बरं वाटलं. जमेल, असं त्याला वाटलं.

"मरझूक," काका एकदम म्हणाले. त्यांच्याखेरीज त्याला या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. "पोट भरलंय तुझं."

"छे, छे, काका! जेवतोय की. तुम्ही घ्या सावकाश."

"तोच घास तू तीनदा उचलून तीनदा खाली ठेवलास. माझे दात पडलेत, डोळे नाहीत. खरं सांग."

बू-धारीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "भरलं, काका. केव्हाच भरलं. पण तुम्ही थांबू नका. मी हात काढत नाही. तुम्ही पोटभर..."

काकांनी आपला हात परातीतून बाहेर काढला आणि एवढा मोठा उसासा सोडला की बू-खलफ दचकला.

"अल्हमदुलिल्ला! सुटलो रे बाबा!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुझा बाप गेल्यापासून दर शुक्रवारी बसलोय मी चावत. म्हाताऱ्या माणसाला लागतं किती? पाच घासांत माझं आटपतं. पण तू हा असा अंगापिंडाचा. म्हटलं, मी हात काढला तर हाही काढणार, बापाच्या वळणाचा आहे. पोर उपाशी उठायचं. म्हणून बसायचो खात. शनिवार-रविवार दोन्ही दिवस पोट धरून पडायचो, ठाऊक आहे?"

 मग बू-खलफच्या तोंडून फुस्स आवाज आला, याकूबने तोंडावर हात दाबला, आणि पुढच्या क्षणी सगळी बैठक हसून लोळायला लागली. शबीब तर परातीच्या काठावर कपाळ टेकून हसत होता. बू-धारी पोट दाबून हसला, कारण आतले टाके ओढत होते. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

"काका," तो म्हणाला, "मी तर तुमच्यासाठी खात होतो! माझ्या अंगावरची निम्मी चरबी तुमची आहे."

"आणि माझी पोटदुखी तुझी," काका म्हणाले. "चल, फिट्टंफाट."

बू-धारी हातावर भार देऊन उठला आणि वाकून त्याने म्हाताऱ्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. एका परातीवर समोरासमोर बसून दोघांनी इतकी वर्षं एकमेकांना गळ्याशी येईपर्यंत जेवू घातलं होतं, आणि त्या प्रेमाच्या पायी त्याला आतडं वळवून घ्यावं लागलं होतं. त्याला याचं जराही वाईट वाटलं नाही.

दाराआडून उम्म धारीचा आवाज आला. "परात भरलेलीच दिसतेय! मीठ जास्त पडलं का?"

"मीठ बरोबर आहे, पोरी," काका ओरडले. "माणसंच खोटारडी आहेत!"

पुन्हा उठलेली हसण्याची लाट ओसरल्यावर बू-धारीने जरा चाचरत विचारलं, "मग काका, आता पुढच्या शुक्रवारी... म्हणजे जेवायचं असं काही राहिलंच नाही, तरी याल ना?"

घलूमकाकांनी रुमालाला बोटं पुसली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो अजून त्यांच्या गुडघ्याएवढाच होता.

"मी इथे जेवायला येतो असं तुला कुणी सांगितलं?" ते म्हणाले. "चहा सांग. आणि ते तुझं बायपास काय असतं ते मला नीट समजावून सांग. आता कुठे बोलायला तोंड मोकळं झालंय."